सिनसिनाटीचा मांडव

माझ्या चुलतभावाच्या लग्नात नवरदेवाचा घोडा रेल्वे स्टेशन बघून बिथरला.

आता आमच्या गावाला रेल्वे नाही. दर्यापूरहून जीप मिळाली तर जीप, नाहीतर कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून यायचं, असं ते गाव. पण त्या दिवशी मांडवाच्या तोंडाशी एक अवाढव्य स्टेशन उभं होतं. टरबूज उभं चिरून ठेवावं तसा अर्धा गोल, त्याच्या मधोमध घड्याळ, दोन्ही बाजूंना पसरलेल्या बुटक्या भिंती, आणि खाली थर्माकोलच्या अक्षरांत 'शुभ विवाह'. सगळं राखाडी. घोड्याने एकदा वर पाहिलं, एकदा मालकाकडे पाहिलं आणि मागे सरकायला लागला. बँड गप्प झाला. नवरीकडच्या एका म्हाताऱ्या पाहुण्यांनी फेटा सावरत विचारलं,

"हे काय हाये बाप्पा?"

कमानीच्या बाजूला, दातांत सुतळी धरून एक किडकिडीत माणूस उभा होता. त्याने सुतळी काढली.

"टेसन हाये. सिनसिनाटीचं. अमेरिकेत असते."

"असं? मंग गाडी कितीची हाये?"

"तुमचा नवरदेव आला का सुटलीच समजा. या, आत या."

पाहुणे आत गेले नाहीत. बाजूची खुर्ची ओढून बसले. त्यांना वाटलं, अजून वेळ आहे.

हे उत्तर देणारे गृहस्थ म्हणजे सूर्यभान खंडारे. दर्यापुरात त्यांचं मंडप डेकोरेशनचं गोदाम आहे. अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांच्या मधल्या पट्ट्यात लग्न असो, पुढाऱ्याचा सत्कार असो, नाहीतर जत्रा असो, कमान बहुतेक सूर्यभानकाकांची असते. बाकीचे मंडपवाले राजवाडे करतात, मोर करतात, सोंड वर केलेले हत्ती करतात. सूर्यभानकाका सिनसिनाटी करतात. तिथला टाऊन हॉल, तिथलं स्टेशन, तिथला गाण्यांचा हॉल, तिथला नदीवरचा पूल. लहानपणी मला सिनसिनाटी मूर्तिजापूरच्या पलीकडे कुठेतरी असावी असं वाटायचं, कारण काका तिच्याबद्दल तसंच बोलत. "ते बी नदीच्या काठीच हाये, आपल्या कौंडण्यपुरावानी. फक्त नदी मोठी, अन् भजे चांगले नाही भेटत." भजी चांगली मिळत नाहीत ही बातमी त्यांच्यापर्यंत कुठून पोचली, ते त्यांनाच ठाऊक. काका स्वतः नागपूरच्या पुढे कधी गेलेले नाहीत.

या सगळ्याच्या मुळाशी एक अल्बम आहे. जाड पुठ्ठ्याचा, कोपरे उंदरांनी चाखलेला, आत काळ्या पानांवर चिकटवलेले जुने फोटो. तो गोदामात कनातींच्या थप्पीवर, पत्र्याच्या पेटीत असतो. बघायचा असेल तर आधी बाहेरच्या नळावर हात धुवावे लागतात. धुतलेले हात पुसायचे नाहीत, हवेत वाळवायचे. मग काका एकेक पान उलटतात आणि भिंगातून दाखवतात. दगडी मनोरे, रुंद पायऱ्या, कमानीखाली कमानी, आणि समोर रिकामे, लांबच लांब रस्ते. "कोठून आणला काका?" असं विचारलं की एकच उत्तर मिळे, "एका मिसबाईनं देल्ला." आणि पान उलटत. शेवटच्या पानापाशी मात्र अल्बम बंद होई. "ते आतलं हाये," एवढंच म्हणत. "ते अजून माह्यानं होत नाही."

फोटो काळेपांढरे, म्हणून काकांच्या कमानी राखाडी. यावर आजवर जितकी भांडणं झाली तितकी आमच्या तालुक्यात बांधावरून झाली नसतील. एका लग्नात नवरीची आई पदर खोचूनच आली.

"काय वो भाऊ, लगनाच्या मांडवाले हा राखुंड्याचा रंग?"

"फोटोत असाच हाये, बाई."

"अवो, फोटो जुना हाये म्हनून तसा दिसते!"

"मंग गाव बी जुनंच हाये ना."

शेवटी तोड निघते ती झेंडूच्या माळांवर. माळा कितीही लावा, त्याला काकांची हरकत नसते. माळ हा पाहुणा, भिंत ही भिंत, असं त्यांचं म्हणणं.

राजवाडा मात्र ते करत नाहीत. बाळापूरच्या एका पुढाऱ्यांनी मुलाच्या स्वागत समारंभासाठी मोठ्या हौसेने राजवाडा मागितला होता, दारात दोन सिंहांसकट. काका त्यांच्यासमोर बसून शांतपणे चहा प्याले आणि म्हणाले, "भाऊ, एक सांगा. राजा असता तं त्यानं तुमाले वाड्यात घेतलं असतं का? मले तं फाटकातूनच हाकललं असतं. हा टाऊन हॉल पाहा. याच्यात कोनी बी जाते. भंगारवाला बी जाते, तुमी बी जासान." पुढारी जरा गोंधळले. आपला मान वाढला की भंगारवाल्याशेजारी बसवलं, हे त्यांना लगेच ठरवता येईना. तोवर काकांचे जुने सोबती, टेम्पोवाले शब्बीरभाई, गाडीतून बांबू उतरवायला लागले होते. शब्बीरभाई म्हणतात, "इसके साथ रह-रहके मैं अमेरिका का ड्रायवर हो गया. लायसन फक्त बाळापूर तक का है."

टाऊन हॉलच्या मनोऱ्यावर घड्याळ आहे. फोटोत त्यात अकरा वाजून दहा मिनिटं झाली आहेत, म्हणून काकांच्या घड्याळातही तेवढेच वाजतात. कायमचे. बाळापूरच्या त्या समारंभाला काही झालं नाही, पण पुढच्याच आठवड्यात एका लग्नाला दुपारी बाराच्या आतला मुहूर्त होता. नवरदेवाचे मित्र कमानीसमोर नाचत होते. दर दोन गाण्यांनी कुणीतरी मान वर करी आणि ओरडे, "अजून अकरा-दहाच झाले बे! वाजव!" बँडवाल्यांनीही वर पाहिलं आणि वाजवलं. ऊन डोक्यावरून कलून मानेवर आलं तेव्हा नवरीच्या मामांनी स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं आणि किंचाळले. त्या प्रकरणात काकांना जाब विचारला गेला. काका म्हणाले, "घड्याळ बरोबर हाये. तुमीच उशिरा आले."

आणि उभेराव. त्यांच्याविषयी सांगितल्याशिवाय सूर्यभानकाका पुरे होत नाहीत.

अल्बममधल्या एका फोटोत, टाऊन हॉलच्या पायरीवर एक हॅटवाला माणूस उभा आहे. बोटाच्या पेरावर मावेल एवढाच. बाकी सगळा रस्ता सामसूम. मी शाळेत असताना एकदा विचारलं होतं, "काका, एवढं मोठं गाव आणि माणूस एकच?" त्यावर त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. "नीट पाह्य. रस्त्यावर धूर-धूर दिसते ना? ते मानसंच हायेत. घोडागाड्या हायेत. तवाचा कॅमेरा लय सावकाश. जो चालून राहिला तो पुसल्या गेला. हा एकटा उभा राह्यला, म्हनून हा आला." त्या माणसाचं नाव काकांनी उभेराव ठेवलं आणि प्रत्येक कमानीच्या पायरीवर त्याला थर्माकोलचा करून उभा करायला सुरुवात केली. हॅट, कोट, हात पाठीमागे. आमच्याकडची पोरं लग्नात शिरताच आधी उभेराव शोधतात, मग पंगत.

कौंडण्यपूरच्या जत्रेला काकांनी गाण्यांच्या हॉलची कमान केली होती. दोन मनोरे, मधे मोठी गोल खिडकी. लांबून देवळासारखंच दिसायचं. बायाबापड्यांनी पायरीवर नारळ फोडले, हळदकुंकू वाहिलं, आणि उभेरावांच्या गळ्यात हार पडले. संध्याकाळपर्यंत त्यांच्या पुढ्यात केळ्यांचा ढीग. काकांनी ती केळी पोरांना वाटली, पण कुणाला अडवलं नाही. पुढच्या वर्षी कंत्राट दुसऱ्याला गेलं, तर दोन म्हाताऱ्या मंडपवाल्याला पकडून विचारत होत्या, "हॅटवाले बाबा औंदा नाही आले का?"

मी हसत हसत सांगतो आहे, पण या माणसाचं माझ्यावर एक ऋण आहे. मी आमच्या वस्तीतला पहिला पदवीधर. बी.ए.चा निकाल लागला त्या दिवशी मी अमरावतीहून दुपारच्या एसटीने दर्यापूरला आलो, तिथून जीपने गावात. वस्तीच्या तोंडाशी पाहतो तर टाऊन हॉल! मनोरा, घड्याळ, पायरीवर उभेराव. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी मागितलं नव्हतं. काकांना दर्यापूरच्या स्टँडवर कुणाकडून तरी निकाल कळला आणि मी जीपमध्ये जागा मिळायची वाट बघत होतो तोवर त्यांचा टेम्पो गावात पोचला होता. तेवढ्यात माझी आई निंदण करून शेतातून आली. कमान बघून ती अंग चोरून बाजूने जायला लागली.

"कोनाचं लगन हाये भाऊ?"

"तुह्या पोराचं," काका म्हणाले. "डिगरीसंगं. बाजूनं कावून चालली? मधून ये."

आई मधून आली. डोक्यावर गवताचा भारा, त्यात खोचलेला विळा, सगळं तसंच. काका म्हणाले, "असं नाही. जमलं नाही. पुन्हा ये." तिला त्यांनी तिथून इतक्या वेळा ये-जा करायला लावली की शेवटी ती हसत हसत पायरीवर, उभेरावांशेजारीच बसली. आज मी अकोल्याला एका हायस्कूलमध्ये मराठी शिकवतो. माझ्या पदवीचा कागद कपाटात आहे. पण मी पदवीधर झालो तो त्या कमानीतून, असंच मला वाटत आलं आहे.

म्हणूनच या वर्षी जे घडलं त्याने मला घाम फोडला.

एप्रिलातल्या जयंतीला आमच्या वस्तीची कमान दरवर्षी काकाच करतात. फेब्रुवारीतच त्यांचा फोन आला. "संजू, औंदा आतून कराचं."

"काय आतून?"

"ते शेवटचं पान. गुडघे आता जिन्याले नाही म्हनून राहिले. औंदा नाही केलं तं मंग नाहीच."

मी रविवारी गोदामात गेलो. हात धुतले, हवेत वाळवले. आयुष्यात पहिल्यांदा काकांनी मला शेवटचं पान दाखवलं. ते एका वाचनालयाचं आतलं दालन होतं. मधे मोकळी जागा, खाली काळ्यापांढऱ्या चौकटींची फरशी, आणि चारी बाजूंना एकावर एक पाच मजले नुसती पुस्तकं. प्रत्येक मजल्याला लोखंडी कठडा, कोपऱ्यात नागमोडी वर जाणारा जिना, आणि छत काचेचं, त्यातून पांढरा उजेड खाली सांडलेला. मी शिकलो त्या गावच्या शाळेत पुस्तकांचं एकच कपाट होतं आणि त्याची किल्ली हरवलेली होती.

जयंती समितीचा अध्यक्ष अमोल हा उत्साही पोरगा. त्याला कमान हवी होती, तीही नेहमीपेक्षा उंच.

"काका, लोकं गेटापाशी फोटो काढतेत. आत कोन पायते?"

"तेच तं म्हनून राहिलो ना बावा," काका म्हणाले. "सारी उमर लोकाइले मोठ्ठ्या दारातून आत नेलं. अन् आत काय? बुंदी अन् कूलर! मलेच लाज वाटते आता."

अमोलने माझ्याकडे पाहिलं. मी मास्तर माणूस, वाचनालयाच्या बाजूने बोललो. समितीने मान्य केलं.

आणि त्याच संध्याकाळी माझी भाची प्रज्ञा, अमरावतीला इंजिनीअरिंगला आहे, तिने मोबाईलवर तो फोटो शोधला. फोटो सापडला. सोबत माहितीही सापडली.

"मामा, हे तं पाडलं आहे. कधीचंच. तिथं आता गाड्या पार्क करतात."

या माणसाने आयुष्यभर ज्या पानाला हात लावायचं धाडस केलं नाही ते बांधायला तो आता निघाला होता, आणि ते तिथे नव्हतंच. गुडघे दुखत असताना पाच मजले चढणाऱ्या म्हाताऱ्याला हे कुणी सांगायचं? मी प्रज्ञाला शपथ घातली. मग शब्बीरभाईंना विश्वासात घेतलं. ते डोळे विस्फारून म्हणाले, "बोलना मत, सर. आदमी खत्म हो जाएगा."

पुढचे काही आठवडे आम्ही तिघांनी जो अभिनय केला तो बघून कुणालाही संशय यावा. काका म्हणायचे, "झालं का याचा एक फोटो तिकडल्या लायब्ररीवाल्याले धाडून देऊ," की मला खोकला यायचा, प्रज्ञा बुटाची लेस बांधायला वाकायची आणि शब्बीरभाई मोठ्याने बांबू मोजायला लागायचे. एकदा तर त्यांनी तेच बांबू दोनदा मोजले आणि दोन्ही वेळा निराळे भरले.

काम मात्र जोरात होतं. फरशीसाठी काळी ताडपत्री आणि सोयाबीनची रिकामी पांढरी पोती चौकोनात कापून जोडली. जिन्याच्या कठड्याला काकांनी पऱ्हाट्या लावल्या. कापूस वेचून झाल्यावर शेतात उरलेल्या त्या वाळक्या काड्या, चंदेरी रंग दिल्यावर थेट ओतीव लोखंड दिसायला लागल्या. वरच्या मजल्यांवर बिस्किटांचे खोके रंगवून पुस्तकं केली. खालच्या मजल्यावर खरी पुस्तकं हवीत हा काकांचा हट्ट. वस्तीने घराघरांतून आणून दिली. दहावीची गाईडं, पोलीस भरतीची पुस्तकं, बालभारती, एका आजीने तर वीजबिलांचा गठ्ठा आणला. "माह्या घरी वाचाचं एवढंच हाये," म्हणाली. काकांनी तोही मानाने लावला.

जयंतीच्या आदल्या दिवशी प्रज्ञा शिडीवर होती आणि काका खालून सांगत होते.

"पोरी, मोबाईलात पाह्य बरं, तिसऱ्या मजल्याच्या कठड्याची नक्षी कशी हाये. माह्या फोटोत अंधार हाये. तुह्या मोबाईलात उजेडातला फोटो असन."

प्रज्ञाने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. शब्बीरभाईंच्या हातून हातोडी पडली, ती त्यांच्याच पायावर.

"सांग ना वं."

"आबा," प्रज्ञा शिडीवरून उतरली, "उजेडातला फोटो कुठून येणार? ते नाहीच आहे. पाडलं. तिथं आता गाड्या लावतात!"

काकांनी तोंडातले खिळे एकेक करून तळहातावर काढले.

"गाड्या लावतेत?" ते म्हणाले. "हे नव्हतं मालूम."

"म्हणजे पाडलं हे माहीत होतं?" मी ओरडलोच.

"मांडव हाये बाबू. उठनारच." त्यांनी वर, प्लॅस्टिकच्या पांढऱ्या छताकडे बघितलं. "पन सत्तर-ऐंशी वरसं टिकला म्हनतेत. माहा तं दोन दिसाच्या वर एक बी नाही टिकला. कोनं बांधला असन, लय चांगला बांधला." आणि एका मंडपवाल्याने दुसऱ्या मंडपवाल्याला द्यावी तशी त्यांनी मान डोलावून दाद दिली.

शब्बीरभाई पाय चोळत म्हणाले, "तो इतने दिन हम झूठ किसके वास्ते बोल रहे थे?"

"मले वाटलं, तुमाले मोजता येत नाही," काका म्हणाले.

मग चहा आला आणि त्या सोयाबीनच्या फरशीवर बसून काकांनी मिसबाईंची गोष्ट सांगितली. इतकी वर्षं आम्ही नाव ऐकत होतो, गोष्ट कुणी विचारली नव्हती.

परतवाड्याच्या वाटेवर तेव्हा एक मिशनची शाळा होती. काका अठरा-वीस वर्षांचे, चुलत्याच्या मांडवांवर दोऱ्या आवळणारे. वडील नाहीत, आई नाही. सणासमारंभाला शाळेत मांडव घालायला जात आणि तिथेच रेंगाळत. तिथल्या म्हाताऱ्या अमेरिकन मिसबाई वऱ्हाडात इतकी वर्षं राहिलेल्या की त्या काकांपेक्षा पक्की वऱ्हाडी बोलत. "'कावून रे सूर्या, हात धुतले का?' पायलं वाक्य हेच. मंग अल्बम." मिसबाई सिनसिनाटीच्या. तिथे लहान असताना, शाळा सुटली की ती पोरगी लायब्ररीत तिसऱ्या मजल्यावर कठड्यापाशी जाऊन बसे, दिवे लागेपर्यंत. "पिवळा फ्राक होता म्हने तिचा. आपलं घर नाही दाखवलं तिनं मले कधी. लायब्ररीच दाखवे. ते पाडलं म्हनून कोनंतरी तिले इथंच सांगतलं. त्या दिशी तिनं खिचडीले हात नाही लावला."

"अमरावतीले सामान आनाले मले संगं ने. गाडी लागे तिले. खिडकीपाशी बसवा लागे, हातात लिंबू द्या लागे. जीपवाल्याले म्हने, 'हलू हाक ना बे!'" काका हसले. "मंग तिले वापस जा लागलं. म्हातारी झाल्ती. म्हने, 'सूर्या, तिकडं जाऊन आता पाहू काय रे मी?' म्हून म्या शायेच्या फाटकाले लायब्ररी केली. माही पायली कमान. गोनपाट अन् चुन्याची. मिसबाई टाया वाजवत आली. पायरी चढली, दारातून आत गेली. अन् त्या अंगाले तिची जीपच उभी."

काकांनी कप खाली ठेवला.

"मांगं वयून म्हने, 'लय सुंदर केली रे. पन आत काहीच नाही?' म्हटलं, मिसबाई, पुढच्या खेपेले आतून करतो. म्हने, 'हो, कर.' अन् बसली जीपीत."

"मग?" प्रज्ञाने विचारलं.

"मंग काय. टाचन्या दे."

दुसऱ्या दिवशी आमची वस्ती सिनसिनाटीच्या वाचनालयात मावत नव्हती. प्लॅस्टिकच्या छतामुळे आत भट्टी झाली होती, पण बाहेर कुणी येईना. दारात बादली आणि मग्गा घेऊन शब्बीरभाई. हात धुतल्याशिवाय कुणालाच प्रवेश नाही, आमदारकीला उभे राहू बघणाऱ्यांनाही नाही. वीजबिलवाल्या आजी आपल्या गठ्ठ्यापाशी उभ्या राहून आल्यागेल्याला दाखवत होत्या, "हे माहं." संध्याकाळी मिरवणूक आली. अमोलने अकोल्याहून आणलेला डीजे असा होता की बिस्किटांची पुस्तकं थरथरून पुढे सरकायला लागली. काका लंगडत थेट डीजेच्या गाडीसमोर जाऊन उभे राहिले आणि ओठांवर बोट ठेवलं.

"काय झालं काका?" डीजेवाला वाकून ओरडला.

"लायब्ररी हाये!"

डीजेवाल्याने त्या पाच मजल्यांकडे पाहिलं. काय वाटलं त्याला कोण जाणे, त्याने बटण दाबलं. नाचणारी पोरं एक पाय वर तशीच थांबली. त्या शांततेत शेकडो माणसं दबक्या पावलांनी वाचनालयापुढून गेली, जणू आत कुणीतरी वाचत बसलं आहे. मी वर पाहिलं. खरंच कुणीतरी होतं. तिसऱ्या मजल्यावर, कठड्यापाशी, वीतभर उंचीची थर्माकोलची मुलगी, मांडीवर पुस्तक घेतलेली. तिचा फ्रॉक पिवळा होता. इतक्या वर्षांत काकांच्या सिनसिनाटीत रंग आलेला मी पहिल्यांदाच पाहत होतो. प्रज्ञाने माझा हात दाबला. पाच मिनिटांनी डीजे पुन्हा सुरू झाला आणि अमोलने कानांवर हात ठेवून नाचायला सुरुवात केली.

"मांडव अन् पाहुना, सकायीच उठला पायजे," असं काका नेहमी म्हणतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वस्तीत पोचलो तेव्हा दोऱ्या सुटत होत्या. मला वाटलं होतं, यावेळी तरी ते थोडे रेंगाळतील. तसं काही नाही. पऱ्हाट्यांची मोळी झाली, फरशीची गुंडाळी झाली. खरी पुस्तकं मात्र कुणी परत न्यायला आलं नव्हतं. अमोल ती विहाराच्या खोलीत नेऊन ठेवत होता. वीजबिलंही.

उभेरावांना काकांनी नेहमीप्रमाणे पोत्यात टाकलं, डोकं खाली करून. टेम्पो भरला. शेवटी ती पिवळी मुलगी राहिली. मी तिला अलगद उचललं आणि मागे, मऊ जागा बघून कनातींवर ठेवायला गेलो.

"मांगं नोको."

काकांनी तिला माझ्या हातातून घेतलं. केबिनमध्ये चढले, दुखरे गुडघे दुमडून गिअरच्या दांड्यापाशी, मधल्या अडचणीच्या जागेत बसले, आणि खिडकीची जागा तिला दिली.

"काका, अहो तिथं कसे बसाल दर्यापूरपर्यंत?"

"राहू दे," ते म्हणाले आणि तिच्यावरून हात लांब करून काच खाली केली. "तिले गाडी लागते. शब्बीर, हलू हाक ना बे."